कुलगुरू की कुलसचिव: कोणाकडे काय?

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठात (महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार) कुलगुरू म्हणजे शैक्षणिक नेतृत्व. पाठीशी प्राध्यापकी आणि संशोधन. शोध समितीच्या यादीतून कुलपती, म्हणजे राज्यपाल, त्यांची निवड करतात. मुदत 5 वर्षे किंवा वयाच्या पासष्टीपर्यंत, जे आधी येईल ते. व्यवस्थापन परिषद (कारभाराचे निर्णय घेणारी) आणि विद्या परिषद (शैक्षणिक निर्णय घेणारी) या दोन्हींचे ते अध्यक्ष.

कुलसचिव (रजिस्ट्रार) अध्यापनातून येतात किंवा प्रशासनातून. ते याच परिषदांचे आणि अधिसभेचेही (सिनेटचेही) सचिव, शिवाय अभिलेख नि शिक्का त्यांच्याच ताब्यात.

गफलत इथेच होते: नोंदींच्या कामाचा अर्ज लोक थेट कुलगुरूंकडे देतात, तो शेरा घेऊन कुलसचिवांकडेच परततो आणि दिवस वाया जातात. धोरणात्मक मागणी मात्र कुलगुरूंकडेच न्यावी. कुलसचिवपदी अनुभवी माणूस हवाच. बैठकीचे इतिवृत्त ढिसाळ लिहिले तर चांगला ठरावही वादात सापडतो.