केबलवाल्याचं नेट सोडून फायबर घेतलं : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

पुण्यात धायरीतल्या आमच्या सोसायटीत वर्षानुवर्षं एकच केबलवाला. टीव्ही त्याचा, नेटही त्याचंच. माणूस वाईट नव्हता, फोन उचलायचा, पण उत्तर ठरलेलं, "वरून प्रॉब्लेम आहे, दोन तासांत होईल." हिचं घरून काम सुरू झालं, त्यात मुलाचे क्लास, आणि हे 'वरून' फारच महाग पडायला लागलं. उन्हाळ्यात एका मोठ्या कंपनीचं फायबर घेतलं, आता दिवाळी झाली. दोन्हींची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण तीच कंपनी वडगावात झकास आणि नऱ्ह्यात बेकार असू शकते. नेट कसं चालणार हे खांबापासून घरापर्यंतची वायर आणि ती सांभाळणारा माणूस ठरवतो, असं माझं मत झालंय.

खरा फरक स्पीडचा नाही, गुरुवारचा आहे. गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं निघतात आणि वीज जाते, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. जुना केबलवालाही 'फायबर'च म्हणायचा, पण ते फायबर गच्चीवरच्या पेटीपर्यंतच. तिथे स्विच, म्हणजे नेट फ्लॅटांत वाटणारं यंत्र, आणि स्विचपासून प्रत्येक फ्लॅटला साधी लॅनची तांब्याची वायर. स्विचला वीज सोसायटीच्या कॉमन मीटरची. म्हणजे बिल्डिंगची लाइट गेली की स्विच बंद. मग घरातला राउटर इन्व्हर्टरवर कितीही लुकलुकू दे, नेट नाही. शिवाय वळवाच्या पावसात वीज कडाडली की त्याच तांब्यातून झटका आत यायचा. आमच्या राउटरचं पोर्ट त्यातच जळालं आणि नवा राउटर आमच्याच खिशातून आला.

नव्या कनेक्शनमध्ये काचेचा तंतू थेट घरात येतो. खांबावरच्या डब्यात स्प्लिटर असतो, तो एका तंतूतला प्रकाश अनेक घरांत वाटतो. त्याला वीज लागतच नाही. त्यामुळे कंपनीच्या टोकाला बॅकअप असेल आणि घरातल्या डब्याला (प्रकाशाचं नेट करणारा, वायफाय देणारा राउटर) वीज मिळत राहिली, की नेट चालू. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घेतला. घेण्याआधी आपल्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघा, सगळे डबे १२ चे नसतात. आता गुरुवारी लिफ्ट बंद, मिक्सर बंद, हिची मीटिंग मात्र चालू. सासूबाईंना याचंच जास्त कौतुक.

जोडणीला आलेला मुलगा विशीतला. मला "काका" म्हणाला, तेवढं सोडलं तर कामाला चोख. "काका, टीव्हीमागे लावू का डबा?" इथे हो म्हणू नका. टीव्हीमागे लावला की त्याची वायर वाचते आणि तुमची बेडरूम बोंबलते. आमच्याकडे मधे आरसीसीची भिंत आहे. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय ती ओलांडताना अर्धमेलं होतं, २.४ पलीकडे पोहोचतं पण हळू चालतं. डबा पॅसेजमध्ये बसवायला लावला. थोडी कुरकुर झाली, चहा झाला, वायर आली.

त्याचं काम बघण्यासारखं होतं. तंतूवरचं आवरण सोललं, उघडी काच स्पिरिटने पुसली, कटरने टोक सरळ कापलं, हिरवा कनेक्टर चढवला आणि तंतूतून किती प्रकाश पोहोचतोय ते मोजणारा मीटर लावला. "मायनस २०. एक नंबर. २७ च्या पलीकडे गेलं की लाल लाइटची तयारी ठेवा." मायनसचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी, आणि डब्यावर लाल लाइट लागला म्हणजे सिग्नल गेला. तो २० चा आकडा मी डब्यावर पेनाने लिहून ठेवला. तुम्हीही विचारून लिहून ठेवा, भांडताना उपयोगी पडतो.

पडलाच. जुलैत नेट मधेच तुटायला लागलं. ॲपवर तक्रार टाकली तर आधी 'राउटर बंद करून चालू करा', मग तिकीट नंबर, आणि दुसऱ्या दिवशी 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा मेसेज. कोणी फिरकलंही नव्हतं. या बाबतीत केबलवाला शंभर पटीने बरा, तो निदान खोटं बोलायला तरी फोन उचलायचा. शेवटी जोडणीवाल्या मुलालाच फोन केला. मीटर लावला, मायनस २९. जिना उतरत वायर बघत गेलो तर खालच्या मजल्यावर दुसऱ्या कुणाची वायर टाकताना आमची फायबर कोपऱ्यावर प्लॅस्टिकच्या टायने करकचून आवळलेली. काच जास्त वाकली की त्यातला प्रकाश बाहेर गळतो. टाय कापला, वायरीला सैल वळण दिलं, मीटर मायनस २१ वर. त्यानंतर आजतागायत लाल लाइट नाही.

स्पीडचं थोडक्यात. प्लॅन २०० एमबीपीएसचा, डब्याजवळ १९० च्या आसपास मिळतो, बेडरूममध्ये ६०-७०. डाउनलोडचा आकडा २५ च्या वर का जात नाही म्हणून कस्टमर केअरशी भांडू नका. तो मेगाबाइटमध्ये असतो आणि प्लॅन मेगाबिटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून २०० ला ८ ने भागलं की २५ च येतात. टीव्हीला लॅन वायर लावूनही ९० च्या वर जात नाही, कारण आमच्या टीव्हीचं पोर्टच १०० एमबीपीएसचं आहे. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचं तसंच असतं. आणि कुणी 'ब्रॉडबँड आहे' एवढंच सांगत असेल तर भुलू नका: २०२३ पासून सरकारी व्याख्येत किमान २ एमबीपीएस म्हणजेही ब्रॉडबँडच. त्याआधी तर ५१२ केबीपीएस होतं!

जाहिरातीतला ६९९ चा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ८२५ ला पडतो. 'अनलिमिटेड' म्हणजे आमच्या प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबी, आम्ही त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. एक गोष्ट मात्र आधी कुणी सांगितली नाही. घरचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट आपल्या घरापर्यंत पोहोचता येईल असा नेटवरचा स्वतंत्र पत्ता, मिळत नाही, एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरमध्ये आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर समजा तुमचंही तसंच. जुना डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे राउटरमधून त्याला थेट वाट देऊन, बाहेरून बघायची सोय त्यामुळे गेली. कंपनीच्या ॲपवरून चालणारे कॅमेरे चालतात. स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, हवा असेल तर वेगळे पैसे.

बदलताना जुनं नेट लगेच बंद करू नका. मोबाइलसारखं पोर्ट करणं इथे नाही, त्यामुळे महिनाभर दोन्ही ठेवा आणि निदान एक गुरुवार जाऊ द्या. डिपॉझिट परत घेताना राउटर दिल्याची पावती लेखी घ्या. आमचं डिपॉझिट अजून 'पुढच्या आठवड्यात' आहे. केबलवाला मात्र भेटला की हसून विचारतो, "काय साहेब, परत येताय का? आता आपलंही घरापर्यंत फायबर आहे." खरं असेल तर वाईट नाही, चौकशी करणार आहे.

कंपनी वर्षाचे पैसे एकदम भरले तर एक महिना फुकट देते. मी सहा महिन्यांचेच भरले. तो जोडणीवाला मुलगा नोकरी बदलायच्या गोष्टी करत होता.