पक्ष्यांसाठी काचेवर लावलेले ठिपके: आठ महिन्यांनंतर

एका सकाळी बैठकीच्या मोठ्या काचेवर तिरपं ऊन पडलं आणि पंखांचा ठसा दिसला. दोन्ही पंख पसरलेले, मधे छातीचा गोल, पिसांवरच्या बारीक भुकटीने उमटलेला. खाली पक्षी नव्हता, म्हणून तो वाचला असं मी धरून चाललो. नंतर वाचनात आलं की धडकून उडून जाणाऱ्यांपैकी कितीतरी पक्षी आतल्या जखमांनी पुढे मरतात. त्या दिवसापासून तो ठसा डोक्यातून गेला नाही.

आधी ससाण्याच्या आकृतीचं एक मोठं स्टिकर लावलं होतं. त्याचा उपयोग झाला नाही. पक्षी त्या आकृतीला घाबरत नाही, फक्त ती चुकवतो आणि शेजारच्या मोकळ्या काचेवर येऊन आदळतो. काचेत त्याला झाड दिसतं, आभाळ दिसतं. काच ही वस्तू त्याला दिसतच नाही.

म्हणून ठिपके घेतले. पट्टी काचेवर दाबायची, वरचा कागद सोलायचा, ठिपके काचेवर राहतात. अंतर महत्त्वाचं आहे: उभं-आडवं ५ सेंटिमीटर. त्याहून रुंद फट दिसली की लहान पक्षी त्यातून घुसू पाहतात. दुसरं म्हणजे ठिपके बाहेरूनच लावायचे. आतून लावले तर प्रतिबिंबाखाली झाकले जातात. काच साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. मी एका कोपऱ्यात घाई केली आणि पहिल्याच जोरदार पावसानंतर तिथले ठिपके सुटले. बाकीचे अजून पक्के आहेत. घरात अंधार वाटेल ही भीती खोटी ठरली. आठवडाभरात नजरेला सवय होते, आता पाहुण्यांनी विचारलं तरच आठवतात.

आठ महिन्यांत या काचेवर एकही धडक ऐकली नाही, एकही ठसा नाही. जिन्याच्या काचेवर मात्र दोनदा धडक झाली. ती सामाईक आहे, तिथे ठिपके नाहीत.

हे लहान घरांपुरतं आहे असं समजू नका. शिकागोतल्या मॅककॉर्मिक प्लेस या इमारतीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्रीत जवळपास १,००० स्थलांतरित पक्षी आदळून मेले. २०२४ मध्ये तिथल्या काचांवर असेच ठिपके लावले आणि मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. २०१४ च्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की एकट्या अमेरिकेत इमारतींना धडकून वर्षाला ३६.५ ते ९८.८ कोटी पक्षी मरतात. एवढ्या काचांवर रहिवाशांनी शिडी लावून ठिपके कधी चिकटवायचे?

न्यूयॉर्कने २०२१ पासून नव्या इमारतींना नियमच लावला. पहिल्या ७५ फुटांपर्यंतच्या काचांपैकी बहुतांश भाग पक्ष्यांना दिसेल असा हवा. धडका झाडांच्या उंचीपर्यंत जास्त होतात, म्हणून ही मर्यादा मला पटते. बांधतानाच नक्षीदार काच बसवली तर नंतरचा सगळा खटाटोप टळतो. बांधकाम परवानगीच्या अर्जातच ही अट हवी असं माझं ठाम मत झालं आहे. रात्री रिकाम्या मजल्यांवरचे दिवे बंद ठेवायची अटही सोबत हवी. रात्री प्रवास करणारे पक्षी उजेडाकडे ओढले जातात.

जिन्याच्या काचेसाठी शेजाऱ्यांची संमती मिळाली आहे. पट्ट्या उरलेल्या आहेत, या रविवारी लावणार, आणि या वेळी काच वाळेपर्यंत थांबणार.