शेपटीच्या केसांवरून दुधाची पारख: जनुकीय तपासणी सेवेचे परीक्षण

गाईंची जनुकीय तपासणी करणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेकडे आमच्या गोठ्यातील गीर आणि होल्स्टीन संकरित गाईंचे नमुने पाठवले होते. शेपटीच्या गोंड्यातील केस मुळासकट उपटून पाकिटात घालायचे आणि वर कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक लिहायचा, एवढेच काम गोठ्यावर करावे लागते. कापलेले केस चालत नाहीत, कारण डीएनए काढला जातो तो मुळाशी असलेल्या पेशींतून; ही सूचना पाकिटावर ठळक मराठीत छापलेली होती, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

अहवालातील बीटा-केसीनचा भाग सर्वांत उपयोगी वाटला. दुधातील या प्रथिनाच्या साखळीत ६७व्या जागी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल असेल तर ए१ आणि प्रोलीन असेल तर ए२, इतका हा प्रश्न नेमका असल्याने उत्तरही नेमके मिळते. संकरित गाय ए१ए२ (जनुकाची एक प्रत ए१, दुसरी ए२) निघाली आणि तिला ए२ए२ वळूच्या वीर्याची कांडी भरली, तर साधारण निम्मी वासरे ए२ए२ होतात. रेतन ठरवताना हे ज्ञान लगेच कामी येते. मात्र सोबतच्या पत्रकात ए२ दुधाच्या आरोग्यगुणांची जी स्तुती आहे, ती वगळलेली बरी. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २००९ सालच्या आढाव्यात ए१ दूध आणि आजार यांच्यात कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. आपल्याकडेही ऑगस्ट २०२४मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने वेष्टनावरील ए१-ए२चे दावे काढण्याचा आदेश दिला आणि काही दिवसांतच मागे घेतला.

कप्पा-केसीन या दुधातल्या दुसऱ्या प्रथिनाचा बी प्रकार रेनेटने (चीजसाठी दूध गोठवणाऱ्या विकराने) घट्ट दही बांधतो, त्यामुळे चीज करणाऱ्यांनी ही तपासणी जरूर करावी. पनीरसाठी दूध उष्णता आणि आम्लाने फाटते; त्यासाठी हा खर्च करण्याचे कारण दिसत नाही.

खरी नाराजी आहे ती डीजीएटी१ या जनुकाबद्दल. चौदाव्या गुणसूत्रावरील या जनुकातला एक बदल फॅट वाढवतो आणि दुधाचे प्रमाण घटवतो, हे २००२पासून माहीत आहे. फॅटवर दर मिळणाऱ्यांना हे महत्त्वाचे वाटणारच. परंतु देशी वशिंडाच्या गाईंमध्ये फॅट वाढवणारे रूप जवळपास सार्वत्रिक आहे. आमच्या प्रत्येक गीर गाईपुढे ‘फॅटसाठी अनुकूल’ असा शेरा आला, आणि जे तपासण्याआधीच सांगता आले असते त्याचे पैसे मोजावे लागले! संकरित गाईंमध्ये या तपासणीला अर्थ आहे, गीरमध्ये फारसा नाही, हे नमुने स्वीकारतानाच सांगायला हवे होते.

त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे या दोन-चार जनुकांवरून प्रत्येक गाईला दिलेली ‘दूध उत्पादन क्षमता’ ही श्रेणी. दुधाचे प्रमाण असंख्य जनुकांच्या लहान लहान परिणामांतून ठरते, शिवाय चारा, विताचा क्रम (गाय कितव्यांदा व्याली) आणि व्यवस्थापन वेगळेच. म्हणूनच अमेरिकेत २००९पासून डीएनएतील हजारो जागा एकत्र वाचून वळूंचे मूल्यमापन होते, आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम जिल्ह्यात जाहीर झालेल्या ‘गौ चिप’ व ‘महिष चिप’ या गाई आणि म्हशींसाठीच्या जनुकीय तपासणी चिप याच मार्गाच्या आहेत. त्यांनाही आधार लागतो तो मोजलेल्या दुधाच्या नोंदींचा.

तेव्हा ए२ कळप बांधणाऱ्याने आणि चीज करणाऱ्याने नेमकी तेवढीच तपासणी मागावी. संपूर्ण संच विकत घेऊ नये. बाकीच्यांनी कांडी घेताना वळूचा अहवाल मागितला तर गाईंच्या तपासणीचा बराच खर्च वाचेल.