लाल आयरिस, लालसर माती

आयरिसच्या कंदांचे पैसे भरले तेव्हा शरद ऋतू होता. आपण फसलो हे कळलं ते दोन हिवाळे उलटल्यावर. मधला सगळा काळ मी त्या कंदांभोवतीचं तण काढत होते, बर्फ वितळला की वाकून वाकून कोंब मोजत होते. दाढीवाला आयरिस या फुलझाडात फसवणाऱ्याचं फावतं ते नेमकं इथेच. फूल येईपर्यंत खरं-खोटं कळत नाही आणि तोवर तक्रारीची मुदत केव्हाच उलटलेली असते.

साधे जांभळे-पिवळे आयरिस माझ्याकडे होतेच. मला हवे होते वेगळे. या ऑनलाइन विक्रेत्याच्या वेबपानावर तर खजिनाच होता. रक्तासारखा लाल, काळ्यावर पांढरे फराटे असलेला, राखाडी पाकळ्यांवर काळ्या शिरांची जाळी असलेला, वर्षातून तीनदा फुलणारा. सगळ्यांपुढे एकच शेरा, ‘कडाक्याच्या थंडीसाठी खास’. सहा कंद मागवले. सोबत ‘भेट’ म्हणून बिया येणार होत्या.

लाल आयरिसचा फोटो आज पाहते तेव्हा स्वतःचीच कीव येते. खालच्या पाकळीवर जो केसाळ पट्टा असतो ना, ती ‘दाढी’, तीसुद्धा लाल. पानांच्या कडा लालसर. आणि मागच्या वाफ्यातली मातीही लालसर! कुणीतरी जांभळ्या फुलाचा फोटो घेऊन अख्ख्या चित्राचा रंग सरकवला होता. मी तो फोटो दहा वेळा मोठा करून पाहिला होता, पण पाहत होते फक्त फुलाकडे.

खरा लाल दाढीवाला आयरिस अस्तित्वातच नाही. ज्या रंगद्रव्यामुळे जिरेनियमला लाल रंग येतो, ते आयरिस तयार करत नाही. त्याचे जांभळे-निळे रंग वेगळ्या द्रव्याचे, गुलाबी-केशरी आणखी वेगळ्या. संकरकारांनी पिढ्यान्‌पिढ्या खटपट करून विटकरी, तपकिरी-लाल, वाइनसारखे रंग काढले, पण टोमॅटोचा लाल काही आला नाही. तेव्हा कुणी तो विकत असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

पार्सल आलं ते जमीन गोठायच्या बेतात असताना. खरं तर तेव्हाच परत करायला हवं होतं. हे कंद उन्हाळ्याच्या उत्तरार्धात लावतात, म्हणजे जमीन गोठण्याआधी मुळं धरायला निदान सहा आठवडे मिळतात. मुळं धरली नसली की गोठणारी-वितळणारी माती कंदाला ढकलून वर काढते. माझा एक असाच मार्चमध्ये मातीवर पालथा पडलेला सापडला.

डबा उघडल्या उघडल्या वास आला. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेले कंद. दोन तर दाबले की बोट आत जात होतं आणि बोटाला तो सडका, मळमळायला लावणारा वास चिकटला तो साबणानेही जाईना. हा जिवाणूंमुळे होणारा मऊ कुजवा. आयरिसचा कंद आल्याच्या गड्ड्यासारखा टणक असायला हवा, कोरडा, पानं पंख्यासारखी आखूड छाटलेली. चांगले उत्पादक अनेकदा जातीचं नाव मार्करने थेट पानावरच लिहितात. माझ्याकडे आल्या सुट्ट्या चिठ्ठ्या, कुठली कुठल्या कंदाची ते देवच जाणे. भेटीच्या बिया कांद्याच्या बियांसारख्या बारीक, काळ्या. आयरिसचं बी चांगलं टपोरं, तपकिरी, सुरकुतलेलं असतं. आणि ते खरं असतं तरी काय? बियांतून जात जशीच्या तशी उतरत नाही. ती फक्त कंदाच्या वाटणीतूनच टिकते.

एवढं सगळं दिसूनही मी चार कंद लावले. पैसे गेलेत हे मान्य करायला माणूस फार वेळ लावतो.

पहिल्या वसंतात तीन जगलेल्यांना नुसती पानं आली. ते काही संशयास्पद नव्हे, उशिरा लावलेले कंद पहिलं वर्ष बहुधा वाया घालवतात. दुसऱ्या वसंतात तिघांनाही एकाच आठवड्यात कळ्या आल्या, तिन्ही एकसारख्या. उमलल्या तेव्हा जुन्या बागांत कुंपणाकडेला असतो तोच साधा जांभळा आयरिस, जर्मेनिका. तिन्ही!

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की तुमच्या मातीमुळे आणि थंडीमुळे रंग बदलला. हे हायड्रेंजियाच्या बाबतीत खपलं असतं, मातीच्या आम्लतेवर त्याचा निळा-गुलाबी ठरतो. आयरिसचा रंग थंडी-उन्हाने थोडा गडद-फिका होतो, एवढंच. मग म्हणाला, फराट्यांच्या जाती अस्थिर असतात. यात मात्र अर्धं सत्य होतं, म्हणून मी क्षणभर गडबडले. त्या जातींत प्रत्येक फुलावरचे फराटे वेगळे पडतात, हे खरं. पण फराटे असतात! तिसऱ्या पत्रानंतर उत्तरं थांबली.

‘थंडीसाठी खास’ हाही बनावच. बहुतेक दाढीवाल्या आयरिसना थंडी सोसतेच, उलट फुलायला हिवाळ्याचा गारवा लागतो. त्यांना मारते ती ओल. अपवाद त्या राखाडी जाळीवाल्याचा. तो फोटो बहुतेक सुसियाना आयरिसचा असावा. त्याला उन्हाळाभर कोरडी विश्रांती लागते, थंड आणि ओल्या बागेत तो साधणं अनुभवी माणसालाही जड जातं. पुन्हा फुलणाऱ्या जाती खऱ्या असतात, पण थंड प्रदेशात त्यांचा दुसरा बहर बरेचदा कळीतच गोठतो. तीनदा फुलण्याचं तर नावच नको.

नाव पडताळायचं काम मी उशिरा केलं, आणि त्याला पाच मिनिटं लागली. कांद्यासारख्या बल्बपासून न येणाऱ्या सगळ्या आयरिसच्या जातींची जागतिक नोंदणी अमेरिकन आयरिस सोसायटी ठेवते. १९२० साली स्थापन झालेली ही संस्था. नोंदीत जातीचं नाव, संकरकार, वर्ष, उंची, रंगाचं वर्णन सगळं असतं. माझ्या सहापैकी एकही नाव तिथे नव्हतं. फराटेवाल्याचा फोटो मात्र ओळखीचा निघाला: ‘बॅटिक’, अमेरिकेतल्या ॲलन एन्समिंगर यांनी १९८०च्या दशकात आणलेली जात. जांभळ्यावर पांढरे ओरखडे, उंची मध्यम. फोटो उचलून काळा केला होता.

खरा ‘बॅटिक’ मी पुढे एका आयरिसप्रेमी मंडळाच्या कंदविक्रीतून आणला. ऑगस्टमध्ये, पानावर नाव लिहिलेला, कंदाची पाठ उन्हात उघडी राहील असा लावला. ते तीन जांभळे कुंपणाशी हलवलेत, त्यांचा काय दोष? कुणी वाटणी मागितली तर ‘नाव माहीत नाही’ असं लिहूनच देते.

विक्रेत्याचं वेबपान परवा पुन्हा पाहिलं. लाल आयरिस अजून विकायला आहे, लाल दाढीचा, आणि मागची माती तशीच लालसर.