साडेचारशे रुपयांची काठी आणि ती मापून देणारा दुकानदार

माझं वय ७२. डाव्या गुडघ्याची झीज झालीय, चार वर्षं दुखतोय. घरी मी एकटी. पुण्याचा मुलगा दर फोनला "आई, इकडंच ये" म्हणतो, पण कोल्हापुरातलं, रंकाळवेशीतलं घर मला सोडायचं नाही. सकाळी रंकाळ्यावर जायचं, शुक्रवारी अंबाबाईला जायचं, भाजी आपल्या हातानं निवडून आणायची, एवढं जमतंय तोवर मला कुणाकडं जावं लागणार नाही. म्हणून एका काठीवर एवढं लिहितेय.

पहिली काठी मुलानं ऑनलाइन मागवलेली. खोक्यातून जशी निघाली तशीच आठ महिने वापरली. डावा खांदा रोज संध्याकाळी भरून यायचा. वयानं होत असेल म्हणून तेल चोळून झोपायचे.

गणपती झाल्यावर सीपीआर या सरकारी दवाखान्याजवळच्या एका सर्जिकलच्या दुकानात गेले, ते चार पायांची काठी घ्यायला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या होत्या, ती सोडली तरी उभी राहते. दुकानदारानं काही दाखवायच्या आधी विचारलं, "मावशी, कुठला पाय दुखतोय? आणि चालता कुठं कुठं?" सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग ही नका घेऊ. हिचे चारी पाय एकदम टेकले तरच आधार. घरातल्या फरशीवर झकास आहे. रस्त्यावर एक पाय खड्ड्यात गेला की डुगडुगणार, आणि अरुंद पायरीवर तर मावणारच नाही." बाराशेची वस्तू बाजूला ठेवून त्यानं साडेचारशेची साधी, एका पायाची ॲल्युमिनियमची काठी काढली.

मग माप घेतलं. चपला पायात ठेवूनच सरळ उभं केलं, हात सैल सोडायला लावले. मनगटाला आतून जी घडी पडते, तिथवर मुठीचा माथा आला पाहिजे. काठीवरचं बटण दाबून नळी एकेक भोक सरकवत त्यानं ते जुळवलं. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं ना, हे वाकून बघितलं. माझी जुनी काठी दोन भोकं उंच निघाली. खांदा दिवसभर उचलून धरला जात होता, दुखणार नाही तर काय!

त्याहून मोठी चूक हाताची होती. डावा पाय दुखतो म्हणून मी काठी डाव्याच हातात धरत होते. "उलट्या हातात धरायची मावशी, उजव्या. डावा पाय पुढं पडंल तशी काठी पण त्याच्या जोडीनं पुढं." दुकानातच दहा पावलं चालले. इतके दिवस एका अंगावर कलून चालत होते, ती सरळ झाले. गुडघ्यावरचा भार हातानं वाटून घेतलेला स्पष्ट कळला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

जिनाही त्यानंच शिकवला. चढताना चांगला पाय आधी, मग दुखरा पाय आणि काठी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. कठडा असेल तर एका हातानं तो धरायचाच. माझ्या पायातल्या कोल्हापुरीकडं बघून म्हणाला, "ही लग्नाकार्याला ठेवा." वाईट वाटलं, जन्मभर तीच घातलीय. पण चामड्याचा तळ ओल्या फरशीवर सरकतो आणि मागून टाच मोकळी राहते, हे खरंच आहे. आता मागं पट्टा असलेली, रबरी तळाची सँडल घेतलीय.

दुकानाबद्दल तक्रारही आहे. गुडघे दुखणारी माणसं जिथं येणार, त्या दारात तीन उंच पायऱ्या आणि धरायला कठडा नाही. आत बसायला एकच स्टूल, त्यावर खोकी रचलेली. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. स्टूल लगेच मोकळं झालं, कठडा अजून झालेला नाही.

काठीचं म्हणाल तर वजनाला हलकी. मूठ प्लास्टिकची, घामानं निसटते, म्हणून सुती कापड गुंडाळलंय. नळीवरची आवळायची चकती आठवड्यानं ढिली होते आणि काठी टकटक वाजायला लागते, ती फिरवून घट्ट करायची. सगळ्यात महत्त्वाचं खालचं रबरी बूट. तीन महिन्यांत त्याच्या खाचा आतल्या कडेनं गुळगुळीत झाल्या. देवळात दगडी फरशी ओली असते, तिथं असलं बूट घेऊन जायचं म्हणजे पडायचंच. नवं ४० रुपयांना मिळतं, मी दोन आणून ठेवलीत.

नोव्हेंबरच्या किरणोत्सवाला, मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात तेव्हा, मंडपात गर्दीत उभी राहिले, कुणाचा हात न धरता. अनवाणी असल्यानं काठी जराशी उंच लागत होती, तेवढंच. घरी आल्यावर मुलाला फोन केला. त्यानं विचारलं, "कोण होतं बरोबर?"

"कोणी नाही," म्हटलं.