वागळे इस्टेटमधील गॅरेजचा रविवारचा वर्ग: जुन्या एमजीबीच्या नव्या मालकाचा अनुभव

1965 ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घरी आल्यावर तिची देखभाल स्वतः शिकावी, या हेतूने मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका गॅरेजमध्ये चार रविवारांचा वर्ग केला. पहिल्याच दिवशी उस्तादांनी बॅटरी दाखवून सांगितले की 1967 पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते, त्यामुळे आजच्या सवयीने उलट जोडणी केल्यास विद्युत उपकरणे जळू शकतात. या एका धड्यातच माझी फी वसूल झाली.

टॅपेटची, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या यंत्रणेतील, फट थंड इंजिनावर 0.015 इंच ठेवायची असते. फीलर गेजची, म्हणजे फट मोजण्याच्या साधनाची, पट्टी त्या फटीत किंचित अडखळत सरकली पाहिजे, ही जाणीव हाताला येईपर्यंत त्यांनी माझ्याकडून आठही टॅपेट दोनदा करून घेतले. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या दोन्ही एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या डँपरमध्ये (आतल्या पिस्टनची हालचाल संथ करणाऱ्या भागात) तेल घालणेही आता मी निर्धास्तपणे करतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून आपल्या पावसाळ्यानंतर ते तपासण्याचा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटला.

उणीव एकच, पण महत्त्वाची. या गाडीला इंची पाने लागतात आणि तेथे त्यांचा एकच संच असल्याने आम्हा पाच जणांना ताटकळावे लागे. मिलिमीटरचा पाना बळेच लावल्यास नटाचे कोपरे झिजतात, तेव्हा स्वतःचा संच घेऊनच जावे.