एकच हॉल मोकळा आहे, वाचनालयात अभ्यासिका काढावी की बालविभाग?

तालुक्याच्या गावातलं वाचनालय चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकासमोर हल्ली हा प्रश्न येतोय. बाद पुस्तकांचं निर्लेखन होतं, म्हणजे ती नोंदीतून काढून टाकली जातात, एक खोली किंवा वरचा हॉल मोकळा होतो, आणि मग कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये अर्धे म्हणतात स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका काढा, अर्धे म्हणतात लहान मुलांसाठी काहीतरी करा. मी दोन्ही चालवलंय, आधी अभ्यासिका, नंतर बालविभाग, त्यामुळे जे बघितलं ते सांगतो.

अभ्यासिकेचं पहिलं म्हणजे ती पहिल्या महिन्यातच भरते. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी पोरं प्रत्येक गावात आहेत आणि घरी दोन खोल्यांत टीव्ही चालू, लहान भावंडं, अभ्यास होणार कसा? आमच्याकडे एक मुलगी शेजारच्या गावातून पहिल्या एसटीनं यायची, डबा जिन्यात बसून खायची आणि संध्याकाळच्या गाडीला परत, अशा मुलीला आपण खुर्ची देतोय याचं मोल पैशात नाही मोजता येत. आणि पैसेही येतात. समजा 40 खुर्च्या आणि महिना 300 रुपये धरले तर 12,000 होतात, अनुदानाच्या हप्त्याची वाट बघत बसणाऱ्या वाचनालयाला ही रक्कम मोठी आहे.

पण खर्चाची बाजू आधी नीट मांडा. पोरांना सकाळी सहाला दार उघडं हवं आणि रात्री अकरापर्यंत बसायचं असतं, आपला ग्रंथपाल आणि लिपिक तेवढा वेळ कुठून थांबणार, म्हणजे वेगळा माणूस आला. लाइटबिल वाढतं. प्रत्येक टेबलाला चार्जिंगचा पॉइंट, वायफाय, पिण्याचं पाणी, कॅमेरा हे सगळं लागतंच. मुलींसाठी वेगळं आणि स्वच्छ टॉयलेट नसेल तर कृपा करून अभ्यासिका काढूच नका, कारण मुली दोन दिवस येतात आणि तिसऱ्या दिवशी बंद होतात, आमच्याकडे सुरुवातीला नेमकं हेच झालं आणि चूक लक्षात यायला आम्हाला चार महिने लागले. शिवाय जागेवरून भांडणं, रुमाल टाकून खुर्ची अडवून ठेवायची आणि माणूस दुपारी बाराला उगवणार, त्यासाठी जागेला नंबर आणि अर्धा तास रिकामी राहिली तर दुसऱ्याला, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा.

मला सगळ्यात जास्त खुपलं ते वेगळंच. ही पोरं वाचनालयात दिवसभर असतात पण वाचनालयाची नसतात. स्वतःची पुस्तकं आणतात, स्वतःच्या नोट्स काढतात, आपल्या कपाटाला हातही लागत नाही, आणि परीक्षा पास झाली किंवा नाद सोडला की सभासदत्व संपलं. आता यात थोडा फरक पडू शकतो, कारण राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झालीय, नुसते पर्याय घोटून भागत नाही, लिहावं लागतं आणि लिहायचं तर वाचावं लागतं. अभ्यासिका काढणारच असाल तर एक रॅक भरून संदर्भाची पुस्तकं, एनसीईआरटी आणि राज्य मंडळाची क्रमिक पुस्तकं, 'योजना', 'लोकराज्य' आणि वर्तमानपत्रांची अग्रलेखांची कात्रणं विषयवार लावून तिथेच ठेवा. तेव्हा ती वाचनालयाची अभ्यासिका म्हणायची, नाहीतर खुर्ची भाड्यानं देणं खासगीवालेही करतातच की.

आता बालविभाग. इथे सुरुवातीला काहीच दिसत नाही. पहिले दोन महिने चार-पाच मुलं, तीही कार्यकारिणीतल्या लोकांचीच नातवंडं, वर्गणी नाममात्र, आणि मीटिंगमध्ये कुणीतरी विचारणारच की एवढी जागा अडवून काय मिळतंय. पैसा येत नाही हे खरं, पण जातोही कमी. मुलांची बरीच पुस्तकं शंभरच्या आत-बाहेर मिळतात, म्हणजे 12,000 रुपयांत सव्वाशेच्या आसपास, आणि एकेक पुस्तक वर्षात वीस-पंचवीस हातांतून जातं. वर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापूनही घेता येतात, आणि बालभारती 1971 पासून काढतंय त्या 'किशोर'चे जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान या केंद्र सरकारच्या संस्थेची बालविभागासाठी वेगळी मदत आहे, अर्ज कसा करायचा ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे विचारा, आणि वाचनालयाचा अनुदानाचा वर्ग (अ, ब, क, ड) वाढवून घ्यायचा असेल तर तपासणीत बालविभाग बघितला जातो हेही लक्षात ठेवा.

बालविभागाला माणूस मात्र हवा. नुसतं कपाट आणि कुलूप असेल तर तो बालविभाग नाही. संध्याकाळी साडेचार ते सात आणि रविवारी सकाळी, एवढाच वेळ पण त्या वेळात गोष्ट वाचून दाखवणारं कुणीतरी पाहिजे, निवृत्त शिक्षिका आनंदानं येतात असा माझा अनुभव आहे. आमच्याकडे चौथीतला एक मुलगा सतरंजीवर बसून बोट ठेवून ठेवून धाकट्या बहिणीला डायनासोरचं पुस्तक वाचून दाखवायचा, त्या पुस्तकाच्या मागची तारखेची चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवावी लागली. तेच मोठ्यांच्या विभागात जाऊन बघा, कितीतरी कादंबऱ्यांच्या चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का दहा-दहा वर्षांपूर्वीचा आहे. आणि मुलाबरोबर आई येते, आजोबा येतात, त्यांची कार्डं निघतात, हे कुठल्याच हिशोबात आपण धरलेलं नसतं. रत्नागिरीचं वाचनालय 1828 सालचं आहे, एवढी वर्षं वाचनालय टिकतं ते प्रत्येक पिढीत नवे वाचक आत आले म्हणूनच ना?

एकाच हॉलमध्ये वेळ वाटून दोन्ही करू असं बरेच जण सुचवतात. आम्ही केलं, जमलं नाही. साडेचारला मुलं आली की अभ्यासवाल्यांना उठवायचं, त्यांच्या वह्या-डबे तसेच टेबलावर, मुलं बोलणारच, मग शुक् शुक् सुरू, आणि ज्या मुलाला वाचनालयात चार वेळा गप्प बसवलं ते पाचव्यांदा येत नाही. दोन वेगळ्या खोल्या असतील तर बालविभाग खाली, देवघेवीच्या काउंटरजवळ, आणि अभ्यासिका वर.

खोली एकच असेल तर माझं मत स्पष्ट आहे, बालविभाग. अपवाद एकच, गावात दुसरी कुठलीच अभ्यासिका नाही आणि पोरांना जिल्ह्याच्या ठिकाणी खोली घेऊन राहावं लागतंय, तर आधी अभ्यासिका काढा, पण तिच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा मुलांच्या पुस्तकांसाठी बाजूला पडेल असा ठराव त्याच मीटिंगमध्ये करून घ्या, नंतर कुणी करत नाही. बालविभागाचं ठरलं तर रॅक तीन फुटांपेक्षा उंच घेऊ नका, काचेची कपाटं तर नकोतच, आणि पुस्तकं कण्याकडून न लावता मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेवा, लहान मुलं चित्र बघून पुस्तक उचलतात.